आपलं मरन

१

तळेगावात नाल्याच्या पलीकडे पुंडलिकरावांचं चर्मालय होतं. चर्मालय म्हणजे काय, तर टिनाची एक लांब छपरी, चुन्याचे हौद, बाभळीच्या सालीच्या पाण्याचे हौद, आणि वास. एस.टी.तून उतरलेल्या परक्या माणसाला पत्ता विचारावा लागत नसे. तो नाक वर करायचा आणि चालू लागायचा.

पुंडलिकराव तरुणपणी सेवाग्रामला राहून आले होते. येताना त्यांनी चरखा आणला, तो मोडला. चपला आणल्या, त्या झिजल्या. एक नियम आणला, तो मात्र त्यांच्यामागेही टिकला. मारलेल्या जनावराचं कातडं घ्यायचं नाही. आपल्या मरणानं मेलेल्याचंच घ्यायचं. वर्ध्या-नागपूरकडची खादीवाली मंडळी याच एका गोष्टीसाठी तळेगावच्या चपला वापरत.

आता कातडं काही बोलत नाही. ते कसं मेलं हे कळायचं कसं? त्यासाठी पुंडलिकरावांनी रीत घातली. विकणाऱ्यानं कातड्यावर उजवा हात ठेवायचा. घेणाऱ्यानं विचारायचं, कोणत्या मरणानं मेलं? त्यानं सांगायचं, आपल्या मरणानं मेलं. कातड्यावर हात ठेवून खोटं बोलायची या भागात कुणाची छाती होत नसे. मग आतल्या बाजूवर ठप्पा पडायचा. बाभळीच्या लाकडाचा मुठीएवढा ठप्पा आणि त्यावर दोनच अक्षरं, 'मृत'. लोखंडाचा कीस आणि गूळ कुजवून केलेल्या काळ्या रंगात तो बुडवायचा आणि दाबायचा. ज्याला ठप्पा नाही त्याला हौदात जागा नाही.

पुंडलिकराव गेले. रीत राहिली, पण रोजच्या वापरानं ती चपलेच्या टाचेसारखी झिजली.

"कोनतं मरन?"

"आपलं मरन."

इतकीच उरली. विचारणारा ऐकत नसे आणि सांगणारा विचार करत नसे. रामराम घालताना रामाची आठवण कुणाला होते?

विचारायचं आणि ठप्पा मारायचं काम आता चंद्रभानकडे होतं. चंद्रभान जोडे शिवणाऱ्या घराण्यातला, हातात कातडं कापायची रापी घेऊनच वाढलेला. कातड्यावरून तळवा फिरवला की जनावर कोणत्या बाजूला झोपायचं तेही तो सांगे, असं लोक म्हणत. लोक काहीही म्हणतात. पण माणूस नेक होता आणि त्या साली खुशीतही होता. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्याची बायको, नलू, पहिल्यांदा दोन जिवांची होती. नवस झाले होते, डॉक्टर झाले होते, लोकांच्या जिभा वळवळून थकल्या होत्या, आणि आता कुठे घराकडे देवानं पाहिलं होतं. चंद्रभान कामावरून घरी जाताना शीळ घालायला लागला होता.

२

माघातल्या एका बाजाराच्या दिवशी एक माणूस डोक्यावर गुंडाळी घेऊन छपरीत आला.

या धंद्यातले सगळे चेहरे चंद्रभानला पाठ होते. हा त्यात बसेना. मध्यम वयाचा, धुतलेलं धोतर, हात स्वच्छ. कातडं आणणाऱ्याचे हात कधी स्वच्छ नसतात, बिचारा कितीही घासो.

"कुठचे जी तुमी?"

"इकडचाच."

"इकडचे म्हंजे? आष्टीकडचे?"

"आपलाच मानूस हाय," तो म्हणाला, आणि त्यानं गुंडाळी उलगडली.

गाईचं कातडं होतं, पांढरं. सोलताना सुरी कुठे ना कुठे घसरतेच, पण यावर सुरीची एक खूण नव्हती. मिठाचा कण नव्हता, आणि तरी वास नव्हता. चर्मालयातल्या माश्या म्हणजे तिथल्या कायम नोकरीतल्या. नवं कातडं उलगडलं की पहिला हक्क त्यांचा. या कातड्यावर एकही बसली नाही. चंद्रभाननं आतल्या बाजूवर तळवा फिरवला. ती बाजू कोमट होती.

"उन्हातून आनलं काय?"

"नाई."

माघातलं आभाळ भरून आलेलं, त्या दुपारी ऊन तरी कुठलं म्हणा. पण माल असा की वर्षातून एखादा हाती यावा, आणि चांगल्या मालात खोट काढणारा दुकानदार उपाशी मरतो. चंद्रभाननं ठप्पा रंगात बुडवला आणि सवयीनं विचारलं, "कोनतं मरन?"

माणसानं कातड्यावर हात ठेवला. "आपलं," तो म्हणाला. मग थांबला. चंद्रभानच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि म्हणाला, "मरन."

चंद्रभाननं ठप्पा मारला. माणसानं भाव केला नाही. दिलं ते घेतलं आणि गेला.

कातडं हौदात टाकायला म्हातारा तानबा आला. हौदांचं सगळं काम त्याचं. त्यानं केसाची बाजू वर केली आणि तसाच उभा राहिला.

"चंद्रभान, हे तं तुहे टाके हाय."

कुशीवर वीतभर जुनी जखम होती, भरून आलेली. गेल्या वर्षी गावातल्या रूपरावांची गाय काटेरी तारेत अडकून फाटली होती. गुरांचा डॉक्टर येईना, म्हणून चंद्रभाननं आरीनं आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं ती शिवली होती, आणि तानबानं गाय धरली होती. चंद्रभान शेवटचा टाका उलटा घ्यायचा. त्याचा बाप तसा घ्यायचा म्हणून तोही घ्यायचा. दुसरं कुणी घेत नसे. या जखमेचा शेवटचा टाका उलटा होता.

"म्हंजे रूपरावाची गाय मेली," तानबा म्हणाला. "आन् आपल्याले सांगतलं बी नाई."

चंद्रभान तसाच उठला आणि रूपरावांच्या गोठ्यावर गेला. गाय दावणीला उभी होती. रवंथ करत होती.

त्याला हसू आलं. आपल्याच टाक्याला आपण भ्यालो! जगात उलटा टाका घेणारा आणखी एखादा निघाला तर त्यानं काय आपली परवानगी काढायची? तो गाईजवळ गेला. कुशीवर टाके होते, शेवटचा उलटा. आणि त्या कुशीवर माश्या होत्या, काळ्या, दाट. जनावराच्या अंगावर माशी बसली की आधी कातडी थरथरते, शेपटी मागून येते. चंद्रभान बघत राहिला. एक माशी टाक्यांवरून चालत पार पाठीपर्यंत गेली. कातडी हलली नाही. त्यानं गाईला बोटानं टोचलं. गाय समोर बघत रवंथ करत राहिली.

"कायले टोचून राह्यला रे?" रूपराव आतून आले. "आज दुपारपासून अशीच हाय ते. माश्या हाकलतच नाई. काई झालं असन काय हिले?"

ठप्पा चंद्रभाननं दुपारी मारला होता.

३

गाय चार दिवसांत मेली. रूपरावांनी सोलायला तानबाला बोलावलं. तानबा सुरी घेऊन गेला आणि रिकाम्या हातानं आला. हातपाय धुऊन छपरीच्या खांबाला टेकला.

"गाडून टाकाले सांगतलं म्या."

"काऊन?"

"सोलाले काई होतंच नाई." तानबा बराच वेळ सुरीची धार बघत बसला. "दिसे सारं. केस दिसे, टाके दिसे. सुरी लावली का मांस. अंदर काई सुटतच नाई बाप्पा. तीस-चाळीस वर्सं झाले मले हे करता करता. मले पुसू नको आता."

चंद्रभाननं पुसलं नाही. हौदातल्या त्या कातड्याकडे जायचं तो टाळू लागला. मनाशी हिशेब मात्र चालूच होता. रोगानं मेली असेल. काही रोगांत कातडी मांसाला धरून बसते, असं त्यानं ऐकलं होतं. कुठे ऐकलं ते आठवत नव्हतं. तानबाची नजर अधू झाली असेल. आणि तो माणूस? त्यानं शपथेवर सांगितलं होतं की आपल्या मरणानं मेलं. आता कातड्यावर हात ठेवून कुणी खोटं...

घरी नलू अंगणात बसली होती. तिची तांबडी कोंबडी पंख टाकून टोपलीखाली बसली होती आणि दाणा टिपत नव्हती.

"आपलं हे पाखरू काई वाचत नाई जी," नलू म्हणाली. "मरन."

चंद्रभान उंबऱ्यावरच थबकला.

"काय म्हनली वं?"

"कोंबडीले म्हनून राह्यली मी. आपलं हे मरन आता. मान टाकली हाय त्यानं."

आपलं, मरन. आयुष्यभर तो हाच शब्द दोन्ही अर्थांनी बोलत आला होता. 'मरण'लाही मरन आणि 'मरेल'लाही मरन. इकडे जीभ दोन्हींत फरक करतच नाही. बाहेरचा माणूस असता तर त्यानं लगेच विचारलं असतं, की बाबा, मरण की मरेल? पण इकडच्या माणसाला तो प्रश्नच पडत नाही.

तो माणूस खोटं बोलला नव्हता. त्याला विचारलं होतं, आणि त्यानं मधे थांबून, तोंडाकडे पाहून, स्पष्ट सांगितलं होतं, की आपलं मरेल. ठप्पा मारणाऱ्यानं ऐकलं नव्हतं.

"असे काऊन उभे हाय?" नलूनं विचारलं. तिचा हात पोटावर होता.

चंद्रभाननं काही नाही म्हणून मान हलवली. दोन जिवांच्या बाईसमोर मरणाची गोष्ट काढायची नसते. त्याच्या आईनं त्याला एवढं तरी शिकवलं होतं.

४

पुढच्या महिन्यात तो माणूस पुन्हा आला. या वेळची गुंडाळी लहान होती, आणि त्यानं ती डोक्यावर नाही, काखेत धरली होती.

चंद्रभाननं उठून वाट अडवली. "आता आमाले माल नाई पायजे."

"पाहून तं घ्या."

गुंडाळी सुतळीनं बांधलेली होती. एक टोक बाहेर आलं होतं. पातळ, मऊ, गव्हाळ रंगाचं. गाईचं नव्हे. बकरीचंही नव्हे, बकरीचा केस असा नसतो. ही नुसती लव होती. चंद्रभानचा हात सवयीनं पुढे गेला, आणि त्यानं तो मागे ओढून घेतला. तरी बोटांना ऊब लागलीच.

"कोनाचं हाय हे?"

"आपलं," माणूस म्हणाला, आणि वाट पाहत उभा राहिला. पुढचा शब्द तो बोलेना. तो विचारल्याशिवाय बोलायचा नव्हता, हे चंद्रभानला कळलं.

"इचारा न जी."

"नाई इचारत. जाय इथून."

"ठप्पा हाय न तुमच्यापाशी."

"जाय म्हनलं न!" तो असा ओरडला की हौदावरून तानबा धावत आला. माणसानं टोक आत खोचलं, गुंडाळी काखेत घेतली आणि बाजाराच्या गर्दीत मिसळला. ओरडा खाल्लेल्या माणसासारखा तो मुळीच दिसत नव्हता.

चंद्रभानचं सगळं भय आता एका जागी येऊन बसलं. ते पातळ, मऊ, गव्हाळ. नलूचा रंग गव्हाळ होता. त्याला त्या विचाराची किळस आली, स्वतःचीही आली, पण विचार गेला नाही. मग त्यानं डोकं चालवलं. दुपारी ठप्पा पडला आणि दुपारपासून गाय माश्या हाकलेना. म्हणजे सगळं ठप्प्यात आहे. ठप्पाच नसेल तर?

त्यानं ठप्पा सदऱ्याच्या खिशात घातला, घरी आणला आणि देव्हाऱ्यात देवांच्या मागे ठेवून दिला. देवाच्या पाठीमागे कोण हात घालतो? तानबाला बजावलं, काही घेऊ नकोस. नलूला तो एक शब्द बोलला नाही. ती त्या रात्री सुखानं झोपली, आणि तिला तसं झोपलेलं बघून त्याला आपण फार शहाणपणा केल्यासारखं वाटलं.

५

फाल्गुनात त्याला वर्ध्याला जावं लागलं. दोरा संपला होता, मेण संपलं होतं, आऱ्यांची टोकं गेली होती, आणि चुकांवाचून, म्हणजे बारीक खिळ्यांवाचून, चपलांचे तळवे तसेच पडून होते. बाजारात त्यानं सगळं पारखून घेतलं. आरी नखावर टोचून पाहिली, दोरा दातानं तोडून पाहिला. कित्येक दिवसांनी त्याला बरं वाटत होतं. पाळण्याच्या चार गोंड्यांचा भावही त्यानं उगाच विचारला.

परतीच्या गाडीत गर्दी होती. चुकांची पिशवी कुणी उचलू नये म्हणून त्यानं ती पाठीमागे ठेवली आणि टेकून बसला. कापडातून चुका बाहेर आल्या आणि खड्डा आला की पाठीत घुसू लागल्या. आर्वीपर्यंत तो सारखा चुळबुळत होता, शेजारचा कावला. आर्वी सोडल्यावर मात्र त्याला बसण्याची बरोबर रीत सापडली असावी. चुका टोचेनाशा झाल्या. त्याला चक्क डुलकी लागली.

घरी आला तेव्हा उन्हं कलली होती. सदरा काढून त्यानं खुंटीला टांगला आणि उघड्या अंगानं ओसरीवर बसला. नलूनं पाण्याचा तांब्या दिला.

"तुमचा एक मानूस आलता," ती म्हणाली.

तांब्या त्याच्या तोंडापाशीच राहिला. "कोन मानूस?"

"कातडंवाला. आताच गेला, तुमची गाडी याच्या थोडं आंदी. मी म्हनलं घरी नाई ते. तं म्हने ठप्पा घरीच हाय, देवाच्या मांगं पाह्य. पाह्यलं तं खरंच होता." ती हसली. "उन्हातून आलता बिचारा. त्याले परत कायले पाठवा? म्या इचारलं न, तुमी इचारता तसं. कोनतं मरन? तं म्हने आपलं मरन. मंग मारला ठप्पा. रंग नोता, तं म्या काजळ लावलं."

कोपऱ्यात गुंडाळी होती. तिची सुतळी सोडलेली होती.

"तू पाह्यलं काय उलगडून?"

"नाई बाप्पा, मले मळमळते त्या वासानं. त्यानंच कोपरा धरला, म्या ठप्पा मारला. याले तं वास बी नाई."

चंद्रभान उठला. नलूकडे पाठ करून गुंडाळीपुढे बसला, तिला दिसू नये म्हणून. बघितल्याशिवाय भागणार नव्हतं. नलूच्या उजव्या हातावर कोपराखाली तुळस गोंदलेली होती. तो ते हिरवं शोधत होता. त्यानं एक घडी उघडली, दुसरी उघडली. काय उघडतो आहोत हे त्यानं मनाशी म्हटलं नाही. नुसतं हिरवं शोधलं.

हिरवं नव्हतं. काजळाचा 'मृत' होता, जरा फिस्कटलेला. एक घडी परतली तेव्हा एका कडेला एक जुना, गोल, काळपट डाग होता. बिब्ब्याचा, लहान पोरांना दुखण्यात देतात तसा. नलूच्या अंगावर असा डाग नव्हता. नलूचं अंग त्याला माहीत होतं. हा डाग त्यानं जन्मात कुणाच्या अंगावर पाहिला नव्हता.

उरलेल्या घड्या त्यानं उघडल्या नाहीत. तो तिथेच गुडघ्यांवर बसून रडू लागला. नलू नव्हती. पोर नव्हतं. कुणी का असेना, देवा, ती दोघं नव्हती. असं म्हणणं पाप आहे हेही त्याला त्या क्षणी कळत होतं, आणि तरी त्याला हसूही येत होतं.

"काय झालं जी?" नलू मागून जवळ आली. "अगो माय! पाठीले किती टोचलं हे? रगत निंगून राह्यलं."

"चुका होत्या गाडीत. काई नाई."

"काई नाई कसं? केवढ्या माश्या बसल्या! हाकलत काऊन नाई तुमी?" तिच्या पदराचा वारा त्याच्या कानाला लागला. "त्या डागावरच जाऊन बसते मेल्या."

"कोनत्या डागावर?"

"तुमच्या. बिब्ब्याचा नाई काय खांद्याखाली, लहानपनचा? तुमाले मालूम नाई?" ती थांबली. "म्या बोट ठेवलं हाय न त्याच्यावर. आता तं समजते?"

चंद्रभाननं हात मागे नेला आणि पोचेल तिथवर चाचपून पाहिलं. हाताला पाठ लागत होती. पाठीला हात लागत नव्हता.